क्षेपणास्त्रांची तुलना करायला बसण्यापूर्वी

आधी जोड्या ठरवाव्यात. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर गेममध्ये साइडवाइंडरचे (एआयएम-९ या, उष्णतेचा माग काढणाऱ्या अमेरिकन क्षेपणास्त्राचे) इतके प्रकार आहेत की सगळे एका संध्याकाळी घेतले तर एकाचंही धड काही कळत नाही. एकाच विमानावर बसणारे प्रकार निवडले की विमानामुळे पडणारा फरक आपोआप बाद होतो. एफ-५ई वर ९बी, ९पी आणि ९पी५. एफ/ए-१८ हॉर्नेटवर ९एल, ९एम आणि ९एक्स. मिग-२९ वर सोव्हिएत आर-६०एम आणि आर-७३. मिराज एफ-१ वर फ्रेंच मॅजिक १ आणि मॅजिक २. मॅजिकची जोडी कोकणातल्या मंडळींनी जरूर घ्यावी. दाबोळीच्या आयएनएस हंसावरची, २०१६ मध्ये निवृत्त झालेली नौदलाची सी हॅरियर मॅजिकच घेऊन उडत, आणि तिथल्या मिग-२९के वर आर-७३ असतं.

एक जोडी पडताळणीसाठी ठेवावी: एआयएम-९बी आणि मिग-२१ वरचं आर-३एस. १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवरच्या लढाईत एक साइडवाइंडर न फुटता चिनी मिग-१७ मध्ये अडकलं, ते सोव्हिएत अभियंत्यांच्या हाती पोचलं आणि त्याची नक्कल झाली. त्यामुळे या दोघांचे निकाल फारच वेगळे आले तर क्षेपणास्त्राला दोष देण्याआधी आपली मिशन फाइल उघडून बघावी.

जोडीगणिक आपण नेमकं काय मोजणार आहोत ते कागदावर लिहावं. बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. ९एल आणि ९एम यांचं वॉरहेड (स्फोटक टोक) सारख्याच वजनाचं, सुमारे ९.४ किलोचं, फरक आहे तो फ्लेअरला (विमानाने सोडलेल्या जळत्या आमिषाला) न फसणाऱ्या सीकरमध्ये, म्हणजे उष्णता शोधणाऱ्या डोळ्यामध्ये, आणि कमी धुराच्या मोटरमध्ये. या दोघांचा पल्ला मोजत बसलात तर आकडे जवळपास सारखे येतील आणि संध्याकाळ वाया जाईल. तिथे फ्लेअरचीच चाचणी हवी. ९पी आणि ९पी५ मध्ये मात्र कोनाची चाचणी हवी, कारण पहिलं शेपटीमागूनच नीट पकडतं आणि दुसरं समोरूनही. आर-६०एम आणि आर-७३ मध्ये वळण्याची ताकद बघावी: पहिलं सुमारे ४४ किलोचं आणि वॉरहेड साडेतीन किलोचं, दुसरं सुमारे १०५ किलोचं, आणि मोटर जळत असेपर्यंत त्याच्या नोझलमधला झोतच वळवता येतो.

मिशन कॉकेशस नकाशावर, बटुमीच्या पश्चिमेला समुद्रावर मांडावं. तो नकाशा फुकट मिळतो आणि पाण्यावर डोंगराची अडचण नसते. वारा शून्य, आकाश निरभ्र, सूर्य आपल्या पाठीशी. दोन्ही विमानं ५,००० मीटरवर, ०.८ माखला (ध्वनीच्या वेगाच्या ०.८ पट). या उंचीवर ०.८ माख म्हणजे सेकंदाला साधारण २५५ मीटर. समोरासमोर येताना अंतर सेकंदाला ५१० मीटरने घटतं आणि ५ किलोमीटर दहा सेकंदांच्या आत संपतात. म्हणून समोरून मिळालेला पल्ला आणि शेपटीमागून मिळालेला पल्ला एकाच रकान्यात कधीच लिहू नये. पाठलागात साइडवाइंडरची मोटर पाचेक सेकंदांत विझते आणि पुढे लक्ष्य पळत असताना ते नुसत्या वेगावर तरंगत जातं.

लक्ष्याच्या विमानाला मिशन एडिटरमध्ये पहिल्या वेपॉइंटवरच (मार्गावरच्या पहिल्या बिंदूवर) चार पर्याय द्यावेत: धोक्याला प्रतिसाद नको, फ्लेअर वापरू नये, आफ्टरबर्नरवर बंदी, शस्त्रं वापरायची नाहीत. आफ्टरबर्नरचा पर्याय हमखास राहतो. लक्ष्याने एकदा आफ्टरबर्नर लावला की त्याची उष्णता वाढते, ९बीसारखा साधा सीकरही लांबूनच लक्ष्य सापडल्याचा आवाज देऊ लागतो आणि त्या फेरीचा आकडा कामाचा राहत नाही. शेपटीमागून, बाजूने आणि समोरून अशा तीन मांडण्या वेगवेगळ्या फाइलींत ठेवाव्यात. एकाच फाइलमध्ये बदल करत गेलं की दुसऱ्या दिवशी कुठला आकडा कशाचा ते सांगता येत नाही.

फ्लेअरसाठी चौथी फाइल. तिच्यात फ्लेअरचा पर्याय ‘क्षेपणास्त्र सुटल्यावर’ असा करावा आणि लक्ष्याचं कौशल्य सगळ्या फेऱ्यांत एकच ठेवावं. इथे नशिबाचाही भाग असतो; तीन फेऱ्यांवरून निष्कर्ष काढू नये, प्रत्येक प्रकाराला निदान दहा द्याव्यात. बाकी चाचण्यांना पाच पुरतात.

कॉकपिटमध्ये फार काही नाही. हॉर्नेटमध्ये आयआर कूलचा (सीकर थंड करण्याचा) स्विच नॉर्मवर हवा. मिग-२९ मध्ये आर-७३ ची खरी कसोटी लावायची तर कीबोर्डवरचं ५ नंबरचं बटण दाबून हेल्मेट मोड (पायलट बघेल तिकडे नेम) लावावा, नाहीतर सुमारे ४५ अंश बाजूला बघून सोडण्याची त्याची सोय वापरलीच जात नाही. हेडफोन हवेतच, सीकरचा गुरगुरता आवाज कधी भरीव झाला ते स्पीकरवर, पत्र्यावरच्या पावसात, ऐकू येणार नाही.

आता घरचं. मालवण, देवगड, गुहागर असं किनाऱ्याला लागून घर असेल तर खाऱ्या हवेने जॉयस्टिकच्या यूएसबी पिना हिरवट होतात आणि जुन्या पोटेन्शिओमीटरचा अक्ष थरथरतो. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात आणि हात न लावता अक्ष स्थिर राहतो का ते सेटिंगमध्ये बघावं. थरथर दिसली तर थोडा डेडझोन (मधली, हालचाल न मोजणारी जागा) द्यावा, पण तो सगळ्या फेऱ्यांना तोच. वीज जाणारच असं धरून चालावं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, गेमिंग पीसीला तो पुरत नाही. १,००० ते १,१०० व्हीएचा घ्यावा. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, आणि बटण यूपीएस मोडवर आहे ना, हे दोन्ही तपासावं. परतीच्या पावसात विजा सुरू झाल्या की सरळ प्लग काढावेत.

अपडेट आदल्या रात्रीच उरकावा आणि आवृत्तीचा क्रमांक वहीच्या पहिल्या ओळीत लिहावा. अपडेटमध्ये क्षेपणास्त्रांची गणितं बदलतात, त्यामुळे दोन आवृत्त्यांचे आकडे एकत्र करता येत नाहीत. टॅकव्ह्यू (उड्डाण नोंदवून नंतर तपासायचं सॉफ्टवेअर) आधीच चालू करून एक छोटी फेरी नोंदवून बघावी. डीसीएसच्या ट्रॅक फाइलवर विसंबू नये. ती तुमच्या हालचाली पुन्हा चालवते आणि कधीकधी भलतीकडेच जाते. टॅकव्ह्यू प्रत्येक क्षणाची जागा नोंदवतं, म्हणून चुकलेलं क्षेपणास्त्र लक्ष्याच्या किती जवळून गेलं ते तिथेच मोजता येतं. फाइलच्या नावात प्रकार, कोन, अंतर आणि फेरीचा क्रमांक घालावा, आणि पुढची फेरी सुरू करण्याआधी ती पेनड्राइव्हवर उतरवावी.