भुताची पावलं लांबूनच ऐकू यायची (युनिटी, खेळ बनवायचं सॉफ्टवेअर)

माझ्या भयखेळात भूत माडीवर असलं तरी पावलं परड्यापर्यंत फिकट ऐकू यायची. पेठेतली पोरं खेळून एकच सांगायची, "भ्या वाटत न्हाई, भावा." अंधार वाढवला, आवाज कमी केला, दोन आठवडे पाण्यात. मग विचारणं सोडून गप्प मागे बसलो. परड्यातच एकाने हेडफोन कानावर दाबला, "वर हाय बघ."

ऑडिओ सोर्समध्ये (आवाज वाजवणारा भाग) आधी स्पेशियल ब्लेंड 1 करा, म्हणजे आवाज अंतराप्रमाणे घटतो (मूळ 0 असतो). माझा 1च होता, तरी भागलं नाही. मग व्हॉल्यूम रोलऑफ (अंतराबरोबर आवाज कसा घटतो ते) लॉगरिदमिकवरून लिनियर. शेवटी मॅक्स डिस्टन्स 500 वरून 12. लिनियरमध्ये त्या मॅक्स अंतरावर आवाज शून्य होतो; लॉगरिदमिकमध्ये त्यापुढे घटायचा थांबतो, शून्य होत नाही. गोम तिथेच होती.

परवा त्याच पोराने जिन्यात हेडफोन काढून फेकला. (हेडफोन माझा.)