गुडघा दुखतोय? धावणाऱ्यांनो, या चुका टाळा

जुलै उजाडला की मला फोन यायला लागतात. सातारा हिल मॅरेथॉनची तयारी सुरू झालेली असते, रविवारी कुणीतरी बोपदेव घाटात धावून आलेलं असतं आणि सोमवारी प्रश्न येतो, "ताई, गुडघा दुखतोय, कोणती नी-कॅप घेऊ?" मी विचारते, नेमकं कुठे दुखतंय ते एका बोटाने दाखव. बहुतेकांनी तोवर ते पाहिलेलंच नसतं.

ते आधी बघा. गुडघ्याच्या वाटीच्या मागे किंवा भोवती दुखतंय, जिना उतरताना किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर वाढतंय, तर वाटी मांडीच्या हाडावर जिथे सरकते तिथलं ते दुखणं आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर झाल्यावरच सुरू होतं आणि उतारावर असह्य होतं, तर बहुधा आयटी बँड. म्हणजे खुब्याकडून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली उतरणारा जाड पट्टा. वाटीच्या बरोबर खाली दाबलं की कळ येते, उडी मारली की वाढते, तर तिथला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. तिन्ही ठिकाणी वेगळं वागावं लागतं. नी-कॅपला यातला फरक कळत नाही.

चढाचा सराव, उतार गाडीतून

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती मी स्वतः केली आहे. साताऱ्याचा मार्ग यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने वर जातो आणि त्याच रस्त्याने खाली येतो. 21 किलोमीटरचा उत्तरार्ध जवळजवळ सगळा उतार. 2016 साली मी तीन महिने फक्त चढ केले. घाट धावत चढायचा, वर चहा प्यायचा आणि कुणाच्या तरी गाडीतून खाली यायचं. उतार काय, आपोआप होतो, असं वाटायचं.

स्पर्धेच्या दिवशी वर पोहोचले तेव्हा दम शाबूत होता. खाली वळले आणि वेळ भरून काढायला पाय मोकळे सोडले. सोळाव्या किलोमीटरच्या आसपास उजव्या गुडघ्याच्या बाहेरून सुरी फिरल्यासारखी कळ आली. थांबले की शांत, चार पावलं उतरले की पुन्हा. शेवटचा घाट मी कठड्याला धरून, आडवी पावलं टाकत उतरले. त्यापुढची चूक अधिक वाईट. "बरा झालाय का बघू" म्हणून मंगळवारी धावले, शुक्रवारी धावले, पुढच्या रविवारीही. प्रत्येक वेळी चौथ्या किलोमीटरला तीच कळ. तपासण्याच्या नावाखाली मी तीच जागा पुन्हा पुन्हा दुखवत होते. दोन आठवड्यांचं दुखणं तीन महिने चाललं.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. तो थकला की पाऊल लांब पडतं, टाच शरीराच्या पुढे आपटते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. पण हाच स्नायू लवकर शिकतोही. एकदा बेताचा उतार दिला की पुढचे काही आठवडे तो तयारीत राहतो. म्हणून आता मी स्पर्धेच्या आठ आठवडे आधीपासून दर दहा-बारा दिवसांनी उतार धावते. पहिल्यांदा फक्त दीड किलोमीटर. पावलं आखूड आणि भराभर, नजर दहा-पंधरा पावलं पुढे. घरी आठवड्यातून तीनदा जिन्याच्या पायरीवरून एका पायावर तोल सांभाळत दुसरी टाच सावकाश जमिनीला टेकवते, प्रत्येक पायाने बारा वेळा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणंही रोजचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण खुब्याचे स्नायू कमजोर ठेवून गुडघा सांभाळायचा दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

पूर्ण विश्रांती आणि मग थेट लाँग रन

आमच्या ग्रुपमधला एक मुलगा, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करत होता. नोव्हेंबरात वाटीभोवती दुखायला लागलं. त्याने तीन आठवडे काहीच केलं नाही. दुखणं गेलं, तो खूश झाला आणि चौथ्या रविवारी "मागे पडलोय" म्हणून थेट 18 किलोमीटर धावला. सोमवारी ऑफिसचा जिना कठडा धरून उतरत होता.

विश्रांतीने दुखणं शांत होतं, पण त्याच तीन आठवड्यांत मांडीची ताकदही उतरते. म्हणजे कमी क्षमतेच्या गुडघ्यावर त्याने पूर्वीइतकाच भार टाकला. नवशिक्यांचा घोटाळाही असाच होतो. दम दोन महिन्यांत सुधारतो, टेंडन आणि हाडं मात्र सावकाश कणखर होतात. छाती हो म्हणते म्हणून अंतर वाढवलं जातं. पहिल्याच वर्षी 42 किलोमीटरचं मेडल हवं असणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते, त्यांना राग आला तरी.

माझा नियम असा: शून्य ते दहात दुखणं तीनपर्यंत असेल आणि धावता धावता वाढत नसेल, तर कमी अंतर धावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून बघायचा आणि मांडी घालून बसून उठायचं. आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं तर अंतर आणखी कमी. लंगडत एक पाऊलही धावायचं नाही. वाटीच्या दुखण्यात पावलांचा वेग पाच ते दहा टक्क्यांनी वाढवला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. मी उजव्या पायाची पावलं मिनिटभर मोजते. 80 असतील तर 84 करायची, धावण्याचा वेग तोच ठेवून.

बाकीच्या चुका

धावण्याआधी पेनकिलर घेऊ नका. ती इशारा बुजवते, आणि घाम गाळत तासन् तास धावताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनीवर ताण आणतात.

आयटी बँडवर फोम रोलर (स्नायू रगडायचा फोमचा लोड) दात-ओठ खाऊन फिरवल्याने तो पट्टा लांब होत नाही.

रस्त्याच्या एकाच कडेने रोज धावलात तर उताराच्या बाजूचा पाय रोज वेगळा पडतो. बाजू बदला.

बूट 500 ते 800 किलोमीटरनंतर बदला, पण स्पर्धेच्या आठवड्यात नाही.

पहिल्याच आठवड्यात स्वतःहून एमआरआय काढायला धावू नका. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे मध्यमवयीन आणि वृद्धांचे गुडघे तपासले, तेव्हा ज्यांची गुडघ्याच्या सांध्यातली गादी (मेनिस्कस) फाटलेली दिसली त्यांच्यापैकी 61 टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात काहीच दुखलं नव्हतं.

आणि "धावून गुडघे झिजतात" म्हणणाऱ्या काकांचं ऐकून बूट अडगळीत टाकू नका. 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खुबा आणि गुडघ्याचा संधिवात हौशी धावपटूंत 3.5 टक्के होता, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक धावणाऱ्यांत 13.3 टक्के.

गुडघा काही तासांत सुजला, अडकून सरळ होईनासा झाला, चालताना एकदम निसटला, हाडावर एकाच बिंदूला कळ येऊ लागली, रात्री दुखण्याने जाग आली, किंवा लाल होऊन ताप आला, तर वर लिहिलेलं काहीही करत बसू नका. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.