मावा दिसला तरी चार दिवस पंप काढू नका

दिवाळी उरकली की सकाळचं दव पडायला लागतं, मधूनच एखाद्या दिवशी आभाळ भरून येतं, आणि कोवळ्या शेंड्यांना हात लावला की बोटांना चिकटा लागतो. करडई असो, मोहरी, कोबी, वाल नाहीतर परसातली मिरची, पान उलटं करावं तर मावा दाटीनं बसलेला. हे त्याचेच दिवस. माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं घालते आणि आठवड्या-दीड आठवड्यात ती पिल्लंही पिल्लं घालायला लागतात. दोन शेंड्यांवर दिसलेला मावा बघता बघता ओळभर पसरतो, माणूस घाबरतो आणि फवारणीचा पंप काढतो.

या हंगामात तेवढी घाई करू नका. पंपाआधी एक साधं भिंग घ्या, दव ओसरल्यावर शेतात फिरा आणि माव्याच्या गर्दीत त्याला खाणारं कोण आलंय ते पाहा. खाणारे आलेले असतील तर फवारणीत आधी तेच मरतात. मावा थोडाफार उरतोच आणि भरभर वाढतो. खाणाऱ्यांना परत यायला, अंडी घालायला, पिल्लं मोठी व्हायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागतात. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. भाजीपाल्याचा निम्मा फवारणी खर्च या फेऱ्यात जाताना मी पाहिला आहे.

मोठ्यांना सगळे ओळखतात, पिल्लांना ओळखा

लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड भुंगेरा, लहान पोरांनाही माहीत असतो. त्याचं पिल्लू मात्र भल्या भल्या शेतकऱ्यांना ओळखू येत नाही. ते लांबट, काळपट-राखाडी असतं, अंगावर नारिंगी ठिपके, पुढच्या बाजूला सहा पाय, चाल अगदी छोट्या मगरीसारखी. मावा खाण्यात ते मोठ्या भुंगेऱ्याच्या बरोबरीनं असतं. आमच्या घरी कोबीवरची ही ‘काळी अळी’ कित्येक वर्षं बोटांनी चिरडली जायची. दुकानात नेऊन दाखवली तर तिच्यावर औषधही मिळालं होतं. आपण आपलीच राखण मारत होतो हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, म्हणून हे पहिल्यांदा सांगतो आहे.

त्याची अंडी पिवळीधमक, टोकदार, पानामागे एकमेकांना खेटून उभी असतात. कोष पानाला शेपटीकडून चिकटलेला, नारिंगी-काळा आणि हलत नाही. तोही खरवडून काढू नका, पाच-सहा दिवसांत त्यातून भुंगेरा निघतो.

वांग्यावर मात्र जपून. तिथे ढालकिड्यासारखाच दिसणारा, पण अंगावर बारीक लव असलेला, चमक नसलेला आणि पाठीवर पुष्कळ ठिपक्यांचा भुंगेरा येतो. तो पानं खाणारा आहे. त्याची पिल्लं पिवळी आणि काटेरी असतात आणि पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवतात. जाळी झालेली पानं दिसली की ही पिल्लं आणि अंड्यांचे पुंजके वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

दुसरा मित्र क्रायसोपा, हिरवट, जाळीदार पंखांचा नाजूक कीटक. केसासारख्या बारीक दांड्यावर तोललेलं पांढरट अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं. पुष्कळ जण त्याला बुरशी समजतात. तीन-चार दिवसांत त्यातून करडी अळी निघते, तिचे जबडे कोयत्यासारखे वाकडे असतात. ती मावा, तुडतुडे, पांढऱ्या माशीची पिल्लं, फुलकिडे, बारीक अळ्यांची अंडी, जे सापडेल त्यात जबडे खुपसून रस शोषते. भूक लागली तर आपल्या भावंडांनाही सोडत नाही, म्हणून हिची अंडी किंवा अळ्या विकत आणल्या तर एका जागी ओतू नका, विखरून सोडा.

तिसरी सिरफिड माशी. ही हवेत एका जागी तरंगत राहते, अंगावर पिवळे-काळे पट्टे असल्यामुळे मधमाशीच वाटते, पण हिला पंखांची एकच जोडी असते. तिची अळी बिनपायाची, हिरवट, गोगलगायीसारखी चिकटून सरकणारी. कोबी-मोहरीवरच्या माव्यात ही हमखास सापडते. आणि माव्यातच काही दाणे फुगलेले, गव्हाळ रंगाचे, कडक झालेले दिसले, एखाद्याच्या पाठीला गोल भोक दिसलं, तर समजा की बारीक गांधीलमाशीनं त्यांच्या पोटात अंडी घातली होती. असे दाणे वाढत चालले असतील तर त्या वाफ्याला हात लावू नका.

किती दिसले तर थांबायचं?

शेताच्या पाच ठिकाणी चार-पाच झाडं बघा, किडी मोजा आणि मित्रकीटक मोजा. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेचा ढोबळ नियम असा की दोन किडींमागे एक मित्र असेल तर फवारणी टाळता येते. माव्यासारख्या दाट वस्तीच्या किडीत हे गुणोत्तर फारसं जुळत नाही, तिथे मी वेगळं करतो. लागण झालेल्या शेंड्याला सुतळी बांधून खूण करतो आणि चार दिवसांनी तोच शेंडा बघतो. ढालकिड्याची पिल्लं मोठी झाली आणि मावा विरळ झाला, तर पंप घरातच राहतो. पिल्लं एकही नाहीत आणि मावा दुप्पट, तर निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून शंभर लिटर पाणी करायचं, आणि ते संध्याकाळी फक्त लागलेल्या भागावर मारायचं. सायपरमेथ्रीनसारखी औषधं माव्यासाठी वापरू नका. ती मित्रांना सरसकट मारतात आणि मागून पानांचा रस शोषणारे कोळी, पांढरी माशी उसळते.

एका बाबतीत मात्र थांबण्याचा सल्ला मी देत नाही. टोमॅटोचा पर्णगुच्छ, मिरचीचा चुरडामुरडा किंवा पपईचा विषाणू तुमच्या भागात पसरलेला असेल, तर मोजक्या किडीही रोग पसरवायला पुरतात आणि ढालकिडे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा पिकांची रोपं नायलॉन जाळीतच वाढवा आणि रोगट झाड दिसताक्षणी उपटून बाहेर न्या.

थांबण्यावर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी २००२ आठवावं. त्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रभर आणि कर्नाटकात पसरला. उभ्या, पुरुषभर उंचीच्या उसात पंप घेऊन शिरता येत नव्हतं. पानं पांढरी, त्यावर चिकटा, चिकट्यावर काळी बुरशी. शेवटी तो आटोक्यात आणला डिफा नावाच्या पतंगाच्या अळीनं आणि मायक्रोमस या कीटकानं. डिफाची अळी माव्याच्या वस्तीतच जाळं विणून राहते आणि मावा खाते. लोकांनी डिफा असलेली उसाची पानं एका फडातून तोडून दुसऱ्या फडात टाचली. पपईचंही तसंच. २००८ मध्ये कोइमतूरकडे पिठ्या ढेकूण, म्हणजे अंगावर पिठासारखं पांढरं मेण असलेली रस शोषणारी कीड, आला. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून एक इवलीशी परोपजीवी माशी आणून बंगळूरच्या प्रयोगशाळेत वाढवून सोडली, आणि पपईच्या बागा सावरल्या.

विकत काय आणायचं, काय नाही

ट्रायकोकार्ड हे नाव सगळ्यांनी ऐकलंय, पण ते कशावर चालतं हे विचारलं की गोंधळ होतो. ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी. ती पतंगांच्या ताज्या अंड्यांत आपली अंडी घालते. अळी बाहेर आलेली असेल तर तिचा काही उपयोग नाही, आणि माव्यावर तर मुळीच नाही. वांग्याची शेंडा व फळ पोखरणारी अळी, टोमॅटोची फळ पोखरणारी अळी, उसाची खोडकीड, इथे ती कामाची. म्हणून कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, पतंग पडायला लागले की त्याच आठवड्यात कार्ड लावा. एका कार्डावर ट्रायकोग्रामा आत वाढत असलेली साधारण २० हजार अंडी असतात. त्याच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत, संध्याकाळी टाचा. मुंग्या पट्टी साफ करून टाकतात, तेव्हा मुंग्यांच्या वाटेवरची झाडं टाळा. आधी आणि नंतर आठवडाभर रासायनिक फवारणी नको. पहिल्या कार्डानंतर आठ-दहा दिवसांनी दुसरं, मग तिसरं. एकदाच लावून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणं बरोबर नाही.

हरभऱ्यावर मात्र ट्रायकोकार्डाचा खर्च करू नका. हरभऱ्याच्या पानांवर जी आंबट खार येते, जिनं फडकं भिजवून आपल्याकडे आंब काढतात, त्या आम्लात ही माशी टिकत नाही. घाटे अळीला तिथे कॅम्पोलेटिस नावाची दुसरी गांधीलमाशी आपणहून येते आणि लहान अळ्यांत अंडी घालते. फांदीवर पांढरट, काळे डाग असलेला इवलासा कोष दिसला तर तो तिचाच. पेरताना हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकली असेल तर तिच्या ताटांवर पक्षी बसून अळ्या वेचतात. फवारायचंच असेल तर घाटे अळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, संध्याकाळी फवारा. तो मित्रांना इजा करत नाही.

सीताफळ, पेरू, द्राक्ष, जास्वंद यांच्यावरच्या पिठ्या ढेकणाला क्रिप्टोलेमस भुंगेरा. हा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये भारतात आणला गेला. मोठा भुंगेरा काळा, डोकं आणि शेपटीकडचा भाग तांबूस. घोटाळा होतो तो त्याच्या पिल्लात. ते अंगावर पांढरे मेणाचे दोरे घेऊन फिरतं आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखं, फक्त मोठं, दिसतं. एका बागायतदारानं भुंगेरे सोडले आणि पंधरा दिवसांनी ‘ढेकूण मोठा झाला’ म्हणून सगळ्या बागेवर औषध मारलं. ओळखायची खूण म्हणजे धावणं. डिवचलं की क्रिप्टोलेमसचं पिल्लू पळतं, ढेकूण जागचा फारसा हलत नाही. झाडामागे दहाएक भुंगेरे पुरतात. पण आधी खोडाला चिकट पट्टी लावून मुंग्या अडवा. मुंग्या गोड चिकट्यासाठी ढेकणांची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकतात.

कार्डं आणि भुंगेरे कृषी विद्यापीठांच्या आणि काही कृषी विज्ञान केंद्रांच्या जैविक प्रयोगशाळांत, तसंच काही साखर कारखान्यांकडे मिळतात. आधी फोन करून मागणी नोंदवा. आणल्यावर दुचाकीच्या डिक्कीत तापू देऊ नका, त्याच संध्याकाळी सोडा. गच्चीवर आठ-दहा कुंड्या असलेल्यांनी हा खर्च करू नये. पाण्याच्या जोरदार धारेनं ढेकूण-मावा धुऊन काढा आणि उरलेलं पुढच्या परिच्छेदात आहे ते करा.

त्यांना इथे राहावंसं वाटलं पाहिजे

विकत आणण्यापेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं. सिरफिड माशी, क्रायसोपाचे मोठे कीटक आणि गांधीलमाश्या मध-परागावर जगतात. शेपू, कोथिंबीर, बडीशेप यांचे चार-दोन ताटवे न कापता फुलावर येऊ द्या. या छत्रीसारख्या फुलांतला मध उघडा असतो, लहान तोंडाच्या कीटकांनाही पोचतो. कोबीत मोहरीची एक ओळ लागवडीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरा. चौकोनी ठिपक्यांचा पतंग आणि मावा आधी तिकडे जातात, आणि त्यांच्यामागे ढालकिडेही. टोमॅटोत झेंडू आहेच.

आणि बांधावरची रुई तोडू नका. शनिवारी मारुतीला वाहायला पानं काढताना खालच्या बाजूला पिवळा मावा तुम्ही पाहिला असेल. तो रुई आणि तिच्या भाऊबंदांवरच राहतो, आपल्या पिकांवर येत नाही. पण त्याच्या जिवावर ढालकिड्यांची वस्ती तिथे टिकून असते. शेतात मावा वाढला आणि मित्र कमी दिसले, तर रुईची ढालकिड्याची पिल्लं असलेली पानं सकाळी हलक्या हातानं तोडून लागलेल्या शेंड्यांवर ठेवा. पानं तोडल्यावर हात साबणानं धुवा, तो चीक डोळ्यात जाता कामा नये. अशी पाच-सहा पानं ठेवली की त्या शेंड्यांना सुतळी बांधा आणि चार दिवसांनी भिंग घेऊन परत जा.