तांबडा समुद्र बंद असताना युरोपला द्राक्षाचा कंटेनर पाठवायचा तर

न्हावा शेवाहून रॉटरडॅम सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घातला की तेच अंतर सुमारे १०,८०० होतं. जहाज १५ नॉटने चाललं तर दिवसाला ३६० मैल कापतं, म्हणजे नुसत्या अंतराचेच साडेबारा दिवस वाढतात. डिसेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूती बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे मोठ्या शिपिंग लाइन (जहाज कंपन्या) तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून जायच्या थांबल्या आणि २०२४ च्या हंगामात आपली द्राक्षं याच लांबच्या वाटेने गेली.

आधी दिवस मोजा

शिपिंग लाइन जे दिवस सांगते ते जहाज सुटल्यापासूनचे असतात. द्राक्षाचं वय मात्र तोडणीपासून मोजायचं. पॅकहाऊसमध्ये २-३ दिवस, बंदरावर ३-४, समुद्रात ३५-४०, उतरल्यावर ग्राहकाच्या शीतगृहापर्यंत ३-४. त्यात रोलओव्हरसाठी, म्हणजे बुकिंग पुढच्या जहाजावर ढकललं जाण्यासाठी, आठवडाभर धरा. बेरीज पन्नाशीच्या पुढे जाते. ज्या प्लॉटचा माल इतका टिकणार नाही, तो युरोपला पाठवूच नका. दुबईला बाब-अल-मंदेब लागत नाही, पण तिथलं जेबेल अली बंदर होर्मुझ सामुद्रधुनीच्या आत आहे; तीही वाट अडली असेल तर देशातला बाजार बरा.

बुकिंग करताना फॉरवर्डरला (जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या एजंटला) भाड्याआधी विचारा: जहाज थेट आहे की कोलंबो किंवा सलालाला कंटेनर बदलणार? लांबच्या वाटेवर वेळापत्रकं कोलमडतात, दुसरं जहाज चुकतं आणि कंटेनर मधल्या बंदरात विजेच्या प्लगवर पडून राहतो. थोडं जास्त भाडं देऊन थेट जहाज घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

बागेत आणि पॅकहाऊसमध्ये

लांबच्या प्रवासात मण्याआधी देठ हार मानतो. तो तपकिरी पडला की गोडी कितीही असो, सुपरमार्केट माल नाकारतं. म्हणून पहाटे तोडा, पाऊस किंवा दव पडलेला माल बाजूला काढा, आणि तोडणीनंतर काही तासांत प्रिकूलिंगला (भरण्याआधी माल थंड करायला) लावा. गराचं तापमान ० अंशाच्या आसपास येईपर्यंत कंटेनर भरू नका. रीफरचं, म्हणजे शीत कंटेनरचं, मशीन थंड माल थंड ठेवण्यासाठी असतं. ६-७ अंशांवर भरलेला माल ते वेळेत खाली आणू शकत नाही.

पेटीत बुरशी रोखण्यासाठी ठेवायचा सल्फर डायऑक्साइड गॅसचा पॅड दोन टप्प्यांचा (आधी भरभर, मग सावकाश गॅस सोडणारा) घ्या आणि पाकिटावर किती दिवसांचा आहे ते वाचा. नेहमीचा पॅड लांबच्या वाटेला कमी पडू शकतो. मग शेवटच्या दिवसांत करडी बुरशी येते. भीतीपोटी दोन पॅड घालणारेही असतात. तसं करू नका, कारण गॅस जास्त झाला की मणी देठाजवळ पांढरे पडतात. तापमान वरखाली होऊन पेटीत पाणी सुटलं तरी पॅड एकदम गॅस सोडतो आणि तेच होतं.

सेटिंग उणे ०.५ अंश, व्हेंट (ताजी हवा आत घेणारी झडप) किती उघडा ठेवायचा ते आयातदाराशी ठरवून बुकिंगमध्ये लिहून घ्या. पेट्या कंटेनरच्या आतल्या लाल रेषेच्या वर रचू नका आणि मागची मोकळी फरशी झाका, नाहीतर हवा मालातून न जाता तिथूनच परत फिरते. डेटा लॉगर (तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र) किमान दोन ठेवा: एक पुढे, एक दाराशी. नाशिकहून बंदरापर्यंत ट्रेलरला जेनसेट (कंटेनरला वीज देणारा जनरेटर) असलाच पाहिजे.

कागद आणि विमा

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ए या मालविम्याच्या सर्वांत व्यापक पॉलिसीतही युद्धाची जोखीम नसते. ती वेगळी घ्यावी लागते आणि कंपनी ती सहसा सात दिवसांच्या नोटिशीवर रद्द करू शकते. उशिरामुळे झालेलं नुकसान तर वगळलेलंच असतं. जहाज केपला वळलं आणि माल फक्त उशिरामुळे खराब झाला, तर दावा बसत नाही. शिपिंग लाइनकडेही नाही, कारण बिल ऑफ लेडिंगमध्ये (जहाज कंपनीच्या माल-पावतीत) मार्ग बदलण्याची मुभा तिने आधीच घेतलेली असते. म्हणून उशिराचा तोटा आयातदाराशी करारातच वाटून घ्या. युद्ध अधिभार किंवा आणीबाणीचा अधिभार जहाज सुटल्यानंतर लागला तर कोण भरणार, तेही लिहा; सीएफआर (भाडं विक्रेत्याकडे) किंवा सीआयएफवर (भाडं आणि विमा विक्रेत्याकडे) विकलंत तर तो बहुधा तुमच्याच गळ्यात येतो.

विमाच न काढणं त्याहून वाईट. मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या एव्हर गिव्हन या जहाजाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. अशा वेळी जहाज वाचवण्याचा खर्च सगळ्या मालधन्यांवर वाटला जातो. विमा असेल तर कंपनी हमी देते, नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय कंटेनर हलत नाही.

पोहोचल्यावर

वळसा घेतलेली जहाजं घोळक्याने पोहोचतात आणि त्याच आठवड्यात भाव पडतो. आयातदाराला दर आठवड्याला नवी तारीख कळवत राहा, म्हणजे तो विक्री आधी लावू शकेल. कंटेनरचं दार उघडताना सर्व्हेअर (नुकसानाची तपासणी करणारा) हजर हवा, लॉगर तिथेच उतरवा. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानाची लेखी नोटीस शिपिंग लाइनला ताबा मिळाल्यापासून तीन दिवसांत द्या.