रेस्टॉरंटचं पीओएस डिझाइन करताय? आधी केओटी समजून घ्या

फिग्मा येतं, एखादं शॉपिंग अ‍ॅप करून झालंय आणि आता हॉटेलच्या टॅब्लेट बिलिंगचं (पीओएस, म्हणजे पॉइंट ऑफ सेल) काम हाती आलंय, अशांसाठी हे लिहितोय. रंग, फॉन्ट, ग्रिड यांवर वेळ घालवत नाही. केओटी म्हणजे किचन ऑर्डर तिकीट, किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी.

नव्या माणसाचा पाय हमखास घसरतो तो एकाच जागी: ऑर्डरला तो कार्ट समजतो. डावीकडे मेन्यू, उजवीकडे यादी, खाली मोठं हिरवं बटण. दिसायला झकास. पण कार्टचे पैसे भरले की विषय संपतो; हॉटेलातलं टेबल दीड-दोन तास चालू असतं. आधी सूप, मग स्टार्टर, मग ‘तीन नंबरला दोन रोट्या वाढव’, शेवटी सोलकढी. दर वेळी किचनला फक्त नवीन सांगितलेलंच गेलं पाहिजे. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीच्या दोन अवस्था ठेवा: न पाठवलेली आणि केओटी निघालेली. पहिलीत कमी-जास्त करणं मोकळं असू द्या. दुसरीत वजाच्या बटणाचं ‘रद्द’ झालं पाहिजे: कारण विचारा, मॅनेजरचा पिन मागा आणि रद्दची वेगळी चिठ्ठी किचनला पाठवा. नाहीतर बिलातून पनीर टिक्का गायब होतो आणि तंदुरात तो भाजतच असतो. चोरीसुद्धा याच फटीतून होते. जेवण टेबलावर पोचतं, बिलावर नसतं.

इथवर बऱ्याच जणांना जमतं. खरी गोची पुढे आहे. ‘केओटी गेली’ असं स्क्रीनवर दाखवायचं कधी? बटण दाबल्या दाबल्या नाही. एका ऑर्डरमधले सहा पदार्थ तंदूर, चायनीज आणि ज्यूस काउंटर अशा तीन प्रिंटरवर वाटले जातात. त्यात तंदूरच्या प्रिंटरचा कागदाचा रोल संपलेला. दोन चिठ्ठ्या निघाल्या, हिरवी टिक आली, कॅप्टन (ऑर्डर घेणारा मुख्य वेटर) दुसऱ्या टेबलाकडे वळला. गिऱ्हाईक भाजी समोर घेऊन रोटीची वाट बघत बसलंय. त्यामुळे अख्ख्या ऑर्डरची एकच अवस्था दाखवून भागत नाही, ती प्रत्येक स्टेशनच्या चिठ्ठीची हवी. नेटवर्क प्रिंटरने ९१०० पोर्टवर डेटा घेतला याचा अर्थ कागद बाहेर आला असा होत नाही. रोल आहे का, झाकण उघडं आहे का, हे प्रिंटरला विचारण्याच्या कमांड ईएससी-पीओएसमध्ये (बिल प्रिंटरच्या कमांड-भाषेत) आहेत; डेव्हलपरच्या मागे लागून त्या वापरून घ्या.

उलटंही होतं. वायफाय लटकलं, उत्तर आलं नाही, कॅप्टनने पुन्हा दाबलं: आठ रोट्यांच्या सोळा. म्हणून चिठ्ठीचा युनिक नंबर टॅब्लेटवरच तयार व्हावा आणि तोच नंबर परत आला तर लोकल सर्व्हरने (हॉटेलातल्याच मुख्य कॉम्प्युटरने) ती छापू नये. मुद्दाम परत छापली तर वर ठळक ‘डुप्लिकेट’. आणि कृपा करून चिठ्ठी न निघाल्याची चूक टोस्टमध्ये (स्क्रीनवर क्षणभर येणाऱ्या सूचनेत) दाखवू नका. तीन सेकंदांत तो विरतो, कॅप्टनचं लक्ष तेव्हा गिऱ्हाइकाकडे असतं. टेबलाच्या चौकोनावरच ‘तंदूर: रोल संपला’ अशी लाल पट्टी राहू द्या, कुणीतरी निस्तरेपर्यंत.

पोटात गोळा आला असेल, पण एवढं एक नीट बसलं की बाकीचं सरावाने येतं. अँड्रॉइडचं ४८ डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिमी, हे बटणाचं किमान माप आहे. ओल्या बोटांसाठी त्याहून मोठी बटणं द्या आणि ‘केओटी’ व ‘बिल’ शेजारी ठेवू नका. ८० मिमीच्या प्रिंटरवर नेहमीच्या फॉन्टमध्ये एका ओळीत ४८ अक्षरं बसतात, ५८ मिमीवर ३२. देवनागरी जोडाक्षरं बहुतेक स्वस्त प्रिंटर नीट छापत नाहीत, ती चित्र म्हणून पाठवावी लागतात. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट. परमिट रूमच्या बिलात तो हिशेब वेगळा दाखवा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावून ठेवू नका, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला मनाई केली आहे.

तयार यूआय किट घेऊन काम उरकायचा मोह होईल. घ्या, पण त्यातली ऑर्डरची यादी फेकून द्या. आणि गुरू शोधायचाच तर जुना कॅप्टन शोधा. गल्ल्यामागे कधी उभा न राहिलेला सीनियर डिझायनर इथे फारसा उपयोगाचा नाही. शनिवारी रात्री ८ ते ११ काउंटरपाशी थांबा, मध्ये प्रश्न विचारू नका, नुसतं बघा. पोर्टफोलिओत सुंदर मेन्यूची एकच स्क्रीन पुरे. बाकी जागा रोल संपल्यावर, वायफाय गेल्यावर, टेबल बदलल्यावर आणि अर्धं बिल रोख, अर्धं यूपीआयने आल्यावर काय दिसतं त्याला द्या.