बाहेरच्या लाकूडभट्टीचे तापमान टिकत नसेल तर

घराबाहेर लाकूड जाळून पाणी तापवणाऱ्या आणि ते जमिनीखालच्या नळीने घर उबदार ठेवण्यासाठी आत पोचवणाऱ्या लाकूडभट्टीतील पाणी भरपूर लाकूड घालूनही तापत नसेल, किंवा तापून लगेच निवत असेल, तर पंप किंवा थर्मोस्टॅट बदलण्याआधी पुढील क्रमाने तपासावे.

१. एक ओंडका मधोमध फोडून ओलावामापकाच्या सुया आतल्या ताज्या भागात टोचाव्यात. आकडा २० टक्क्यांच्या बराच वर गेला, तर बहुधा दोष तिथेच असतो, कारण अशा लाकडाची बरीचशी उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होते. कोरड्या दिसणाऱ्या सालीवर विसंबू नये.

२. हवेच्या छिद्रांतील राख आणि डांबरासारखी काजळी खरवडून काढावी.

३. भट्टी थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज निघून आली, तर दाराच्या कडेची फट बुजवणारे गॅस्केट बदलावे.

४. गरम पाण्याच्या नळीचे तापमान भट्टीपाशी आणि घरात शिरते तिथे मोजावे. फार फरक आढळल्यास नळीच्या जमिनीखालच्या उष्णतारोधक आवरणात पाणी शिरले असण्याची शक्यता असते. नळीच्या वाटेवरचाच बर्फ आधी वितळत असेल, तर मोजण्याचीही गरज उरत नाही.

पाण्याची पातळी उतरलेली दिसली, तरी तापलेल्या भट्टीत थंड पाणी एकदम ओतू नये.