मुदतीचा ताप: संशय आल्यापासून लस घेईपर्यंत काय करावे

मुदतीचा ताप म्हणजेच टायफॉईड. त्याचा जिवाणू, म्हणजे साल्मोनेला टायफी, दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो. जठरातल्या आम्लातून वाचलेले जिवाणू लहान आतड्याच्या भिंतीत शिरतात. तिथे भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण मारू शकत नाहीत. जिवाणू त्यांच्याच आत वाढतात आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा गाठतात. म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे काहीच कळत नाही.

१. ताप लिहून ठेवा. रोज थोडा वर सरकणारा, संध्याकाळी जास्त, तीन दिवस उलटूनही न हटणारा ताप आला की डॉक्टर गाठा. जुलाब व्हायलाच हवेत असे नाही. मोठ्यांना बरेचदा उलट बद्धकोष्ठ होते.

२. अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी तपासणीसाठी रक्त द्या. आपल्याकडे सर्रास विडाल ही रक्ततपासणी करतात. त्यात दिसतात त्या अँटिबॉडीज, म्हणजे जिवाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिने, आणि त्या जुन्या संसर्गाच्याही असू शकतात. एकदाच केलेल्या विडालवर माझा तरी भरवसा नाही. ब्लड कल्चर मागा, म्हणजे रक्तातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणारी तपासणी. जिवाणू पेशींत दडलेले, रक्तात मोजकेच; त्यामुळे कल्चरही बरेचदा निगेटिव्ह येते, आणि आधी गोळी घेतली असेल तर आणखीच. पण सापडला, तर कोणते औषध लागू पडेल तेही कळते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक भारतात आता बहुधा चालत नाही, त्यामुळे हे महत्त्वाचे.

३. कोर्स पुरा करा. योग्य औषधावरही ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलू नका. ताप गेला म्हणून गोळ्या सोडल्या, तर पेशींत उरलेले जिवाणू पुन्हा डोके वर काढतात. खायला मऊ भात, खिचडी, भरपूर पाणी.

४. पोटावर लक्ष ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकते. पोटात अचानक कळ, काळी शौच किंवा गुंगी दिसली तर तडक हॉस्पिटल.

५. बरे झाल्यावर. काहींच्या पित्ताशयात जिवाणू ठाण मांडतात. स्वयंपाकाचे काम करणाऱ्यांनी शौच तपासून घ्यावी. एकदा टायफॉईड झाला म्हणजे पुन्हा होत नाही, हा गैरसमज, लस घ्यावीच. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉईड कॉन्जुगेट लस द्यायला सुरुवात केली होती. ही लस पॅराटायफॉईडवर, म्हणजे जवळच्याच दुसऱ्या जिवाणूमुळे येणाऱ्या तशाच तापावर, चालत नाही, तेव्हा पाणी उकळणे सोडू नका.